सामानाची यादी

सोन्याला सोनं म्हणायचं नाही, हे मी भरतीच्या खोलीत पहिल्याच दिवशी शिकले. समोरच्या बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र उतरवून घेतलं, वहीत 'सोन्याचं मंगळसूत्र' असं लिहिलं, तेवढ्यात इनचार्ज सिस्टरांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणाल्या, "आपण सोनार नाही. 'पिवळ्या धातूचं' लिही. वाट्या दोन, काळे मणी किती, तेही लिही. आणि लिहिलेलं तिला वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. पिवळ्या धातूचं मंगळसूत्र एक, वाट्या दोन, काळे मणी ११२. ती बाई तोवर कुणा न दिसणाऱ्याशी भांडत होती. मण्यांचा आकडा ऐकताच थांबली. "एकशे चौदा हायेत," म्हणाली. आम्ही पुन्हा मोजले. एकशे चौदाच होते.

ही १९९४ सालची गोष्ट. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी सरकारी मनोरुग्णालयात काढली, त्यातली बरीचशी त्याच खोलीत. आता निवृत्त झाले, तरी पहाटे जाग आली की ते दोन मणी आठवतात. जिला आजचा वार सांगता येत नव्हता, कानात कुणी शिव्या देतंय म्हणून जी पदराचे बोळे कानात कोंबून बसली होती, तिला आपले मणी किती ते ठाऊक होतं. चूक मोजणाऱ्या माझीच झाली होती. माणूस कितीही भ्रमात असला तरी त्याच्या आत एक कोपरा जागा असतो. बोलायचं ते त्या कोपऱ्याशी, हे मला त्या बाईने शिकवलं.

महाराष्ट्रात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नागपूरचं १८६४ सालचं, रत्नागिरीचं १८८६चं, ठाण्याचं १९०१चं, आणि चौथं, सर्वांत मोठं, येरवड्याचं, २,५४० खाटांचं. चारही इंग्रजी अमदानीतली. आमच्याकडे जाड भिंती, लांबच लांब व्हरांडे आणि आवारात इतकी झाडं की रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसता हिरवा ढीग दिसावा. त्या भिंतीवरून लोक पोरांना धाक घालायचे, जेव, नाहीतर तिकडे नेऊन सोडीन. पाऊस लागला की भिंतीच्या आत सोनटक्का फुलायचा आणि संध्याकाळी त्याचा वास भरतीच्या खोलीपर्यंत यायचा. बाहेरच्यांना हे कधी कळलं नाही.

खोलीला दोन दारं. एक ओपीडीच्या व्हरांड्यात उघडणारं, दुसरं वॉर्डाच्या वाटेवर. मध्ये टेबल, वजनकाटा, बीपीचं यंत्र, एक लोखंडी कपाट आणि कपाटात कापडी पिशव्या. सकाळची पहिली एसटी आली की व्हरांड्यातली बाकं भरायची. कुणी भाड्याची जीप करून यायचं, कुणी पोलिसांच्या गाडीतून. घरचे लोक बहुतेकदा आधी बऱ्याच दारांवर डोकं टेकून आलेले असत. आजाऱ्याच्या मनगटात काळा दोरा, कपाळाला अंगारा, गळ्यात ताईत. कुणी नारळ उतरवून आलेलं, कुणी दर्ग्यात महिनाभर राहून. मी त्यांना कधी रागावले नाही. रात्र रात्र जागलेली, शेजारपाजाऱ्यांची बोलणी खाल्लेली माणसं ती. आधी पाणी द्यायचं, मग कागद काढायचे.

कधी माणूस बांधून आणलेला असे. दोरी आधी सोडायची, नाव मागून विचारायचं, हा आमच्या खोलीचा रिवाज होता. ६ ऑगस्ट २००१ला तामिळनाडूत एरवाडीला एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या माणसांना पळता आलं नाही. २५हून अधिक जण गेले. ती बातमी कळली तेव्हा मी खोलीच्या कोपऱ्यात साठलेल्या दोऱ्यांकडे बघत किती तरी वेळ उभी होते. नायलॉनच्या, सुंभाच्या, आणि त्यांत एक गुराचं दावं. माणसं ज्याने बांधून आणली आणि सोडल्यावर जे परत न्यायचं राहून गेलं, ते सगळं तिथे पडलं होतं. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीला साफ बंदी घातली.

दोरी सुटली की अंगाला हात लावायचा, विचारून. ताप, नाडी, रक्तदाब, साखर. डोकं चाचपायचं, मार लागलाय का बघायला. बडबडणारा प्रत्येक जण मनाने आजारी असतो असं नाही. मेंदूची सूज, रक्तातलं घसरलेलं मीठ, घसरलेली साखर, डोक्यातला रक्तस्राव, हे सगळे कधी कधी भ्रमाच्या रूपात समोर उभे राहतात. एकदा एका शेतकरी दादांना आणलं होतं. ते मांडीवरच्या मुंग्या वेचत होते. मांडीवर एकही मुंगी नव्हती. हातांना कापरं, अंग घामाने निथळत. बाहेरची बाधा म्हणून घरच्यांची खात्रीच. मी बायकोला बाजूला घेतलं. "वहिनी, दारू घेतात का? शेवटची कधी घेतली?" ती म्हणाली, "तीन दिस झाले बाई, माळ घातली त्यांनी." विठ्ठलाची शपथ घेऊन सोडलेली दारू! वर्षानुवर्षांची दारू अशी एकदम थांबली की दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकतं, सोडतानाही डॉक्टर लागतो, हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं. थायमिनचं इंजेक्शन देऊन त्यांना तडक जनरल हॉस्पिटलला पाठवलं. महिन्याने दोघं भेटायला आली. माळ गळ्यातच होती.

आणखी एक, एकवीस वर्षांची, बाळंत होऊन दहा दिवस झालेली. बाळाला काही करेल या भीतीने चार दिवस पाळण्यापासून लांब कोंडून ठेवलेली. तपासताना मी पदर सरकवला तर छाती दगडासारखी घट्ट, तापलेली. दूध साठलं होतं आणि त्याचा ठणका तिला सांगता येत नव्हता. बाळंतपणानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात असा आजार एकाएकी उसळू शकतो, आणि वेळेवर उपचार मिळाले तर बाई पूर्ण बरी होऊन लेकराला कुशीत घेते. त्या दिवशी आधी कोमट पाण्याचा शेक दिला. ती ढसाढसा रडली, आणि मग पहिल्यांदा स्वतःचं नाव बोलली.

पण सर्वांत अवघड काम बांगड्यांचं. काच वॉर्डात नेता येत नाही. जिवाला कंटाळलेल्या माणसाला एक तुकडा पुरतो. आणि आमच्या बायांच्या हातची काच एकदम उतरते ती एकाच दिवशी. म्हणून मनगट धरलं की किंकाळी फुटायची. नव्या मुली केसपेपरवर लिहायच्या, 'रुग्ण आक्रमक'. मी म्हणायचे, खोडा ते. ही आजाराची किंकाळी नाही, शहाण्या बाईची आहे. मग शेजारी बसायचे. "अक्का, फोडत नाही हो. धनी खुशाल आहेत तुमचे, ते काय बाहेर बसलेत. साबण लावून अलगद काढते. एकही पिचू देणार नाही." फेस करायचा, कासारीण बांगड्या भरताना दाबते तसा अंगठ्याच्या बुडाशी तळहात दाबून लहान करायचा आणि एकेक बांगडी ओढून घ्यायची. अर्धा तास जायचा. बारा निघाल्या की सुतळीत ओवून गाठ मारायची आणि लिहायचं, 'हिरव्या काचेच्या बांगड्या १२, सर्व अखंड.' 'अखंड' हा शब्द मी मुद्दाम लिहायचे. तो वाचून दाखवला की कितीतरी बायांचे खांदे खाली यायचे. कपाळाचं कुंकू मात्र कुणी पुसायचं नाही, हे मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

सगळंच असं जपलं गेलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत उवा झाल्या म्हणून बायांचे केस सरसकट कापले जायचे. मीही कात्री धरली आहे. एका मुलीने जमिनीवर पडलेली आपली वेणी उचलली, माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "ही लिवणार का यादीत?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी टेबलाच्या खणात फणी आणि उवांच्या औषधाची बाटली ठेवू लागले. पुढे २०१७च्या त्याच कायद्याने सक्तीचं मुंडण बंद केलं, स्वतःचे कपडे घालायचा हक्क दिला. पण ती वेणी माझ्या कुठल्याच यादीत नाही, आणि ती परत करण्याची सोयही नाही.

२९ मे २०१८ला तो कायदा लागू झाला आणि आमच्या टेबलावरचे कागद बदलले. स्वतःहून आलेला माणूस स्वतःच्या सहीने भरती होऊ लागला. ज्याला त्या घडीला ते जमणार नाही त्याच्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, दोन जणांची वेगवेगळी तपासणी, आणि तीही भरती ३० दिवसांपुरती. रुग्ण बाई असेल तर ३ दिवसांत कायद्याने नेमलेल्या पुनरावलोकन मंडळाला कळवायचं, पुरुष असेल तर ७ दिवसांत. कागदाचे ताव वाढले, हे खरं. पण एका सकाळी एक शाळामास्तर एकटेच पिशवी घेऊन आले, "झोप उडालीय, मरणाचे विचार येतायत, मला ठेवून घ्या," म्हणाले आणि घोटीव अक्षरात त्यांनी सही केली. मी त्यांना सरळ विचारलं, मरायचं कसं ठरवलं होतं? असं विचारल्याने विचार वाढत नाही, त्याला वाट मिळते. त्यांनी पिशवीतून कीटकनाशकाची बाटली काढून टेबलावर ठेवली. ती तेवढी मी यादीत लिहून पिशवीत घातली नाही.

पोलीस आणायचे त्यांच्या कागदावर नाव नसे. 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय ३५.' असा एक जण पावसाळ्यात आला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पाणी." आम्हाला आनंद झाला, आपल्याकडचाच आहे. मग म्हणाला "भात". पण पुढे मराठीत काही विचारलं की नुसता बघत राही. भाताचा शेवट तो जरा लांबवायचा, 'भातॉ' असा. तो आवाज माझ्या मनात अडकून राहिला. जवळच्या बांधकामावर ओडिशाची माणसं होती. मी तिथल्या एकाला घेऊन आले. तो याच्यासमोर उकिडवा बसला आणि काहीतरी बोलला. याचे डोळे भरून आले, आणि बांध फुटावा तसा तो तासभर बोलत राहिला. ओडियातही पाण्याला पाणीच म्हणतात, अगदी आपल्यासारख्या 'ण'ने. कामासाठी निघालेला, वाटेत आजार वाढून कुठल्या तरी स्टेशनवर उतरलेला. पाच वर्षं घरचे शोधत होते. त्याच्या पिशवीत काय होतं? लोखंडी किल्ली एक. भाऊ न्यायला आला तेव्हा ती किल्ली त्याने ओळखली. दाराला तेच कुलूप अजून होतं. रस्त्यावरच्या अशा माणसांना बरं करून घरी पोचवण्यासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा मला ती किल्ली आठवली.

त्याला पत्ता सांगता येत नव्हता, तरी तो घरी गेला. आणि ज्यांचा पत्ता आमच्याकडे लिहिलेला होता, त्यांतली कितीतरी माणसं गेली नाहीत. 'अखंड' बांगड्यांतल्याच एका अक्काची गोष्ट सांगते. तीन महिन्यांत बरी झाली. वॉर्डात पोळ्या लाटायची, नव्या बायांची समजूत काढायची. डिस्चार्जचं पत्र पाठवलं, ते परत आलं. समाजसेवा अधीक्षक स्वतः त्या गावी गेले. लिहिलेल्या घर नंबरावर पिठाची गिरणी होती. त्या नावाचं कुटुंब तिथे कधी राहिलंच नव्हतं. जे धनी बाहेर बाकावर बसलेत असं मी तिला सांगत होते, त्यांनीच तो पत्ता आत येऊन सांगितला होता, आणि तो मी माझ्या हाताने लिहिला होता.

केवळ घर नाही किंवा घरच्यांनी नाकारलं म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असं कायदा आता म्हणतो. बाहेर राहण्याची सोय करायला हवी, असंही म्हणतो. तशी सोय गावोगावी झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत मागत राहिलं पाहिजे. मी निवृत्त झाले त्या दिवशी कपाटात त्या अक्कांची पिशवी होती. सुतळी बदलली होती मी, दोनदा. बांगड्या बाराच्या बारा.

मण्यांची बाई मात्र सात आठवड्यांत घरी गेली. भाऊ न्यायला आला होता. तिने व्हरांड्यात बसून मणी मोजले, सावकाश, ओठ हलवत, आणि मग वहीत अंगठा उठवला.

तुमच्या घरात कधी अशी वेळ आली तर तिला लाजू नका. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. आणि भरतीच्या खोलीत आलात तर तिथली सिस्टर तुम्हाला कायमचा पत्ता विचारेल. तुम्ही थकलेले असाल, चिडलेले असाल, परत या माणसाकडे बघू नये असंही त्या क्षणी वाटत असेल. तरी पत्ता खरा सांगा. घर बदललं तर कळवा. आत त्याचं सामान आम्ही मोजून ठेवलेलं असतं.