बँकॉकमधील मोकळा दिवस

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या शनिवारापुढे ‘मोकळा दिवस – खरेदी व स्थलदर्शन’ एवढेच छापलेले होते. पट्टायाचा समुद्र, मोटारबोटी, प्राणिसंग्रहालय हे सारे आटोपले होते. सांगलीहून आलेल्या अण्णा आणि माई यांच्या दृष्टीने मात्र सहा दिवसांच्या सहलीतला खरा दिवस हाच होता. अण्णांच्या आतल्या खिशात एक स्वतंत्र पाकीट होते. त्यात सव्वा लाख रुपयांचे डॉलर होते आणि त्यांचा उपयोग कशासाठी करायचा, हे निघण्यापूर्वीच ठरलेले होते.

1996 साली मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी माईंनी आपल्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या वेळी अण्णा बँकेत अधिकारी होते. पण घराचे कर्ज डोक्यावर असल्याने नवे कर्ज उचलण्यास वाव नव्हता. ‘पाटल्या गेल्या, पण तुला माणकाची अंगठी करीन,’ असे ते त्या दिवशी बोलून गेले. माई ते विसरल्या असाव्यात; अण्णा विसरले नव्हते. बँकॉक ही माणकांची मोठी बाजारपेठ आहे आणि चंथाबुरी प्रांतातून आलेल्या खड्यांचे व्यवहार सीलोम भागात चालतात, एवढी माहिती त्यांनी वाचून ठेवली होती.

सकाळी दोघे निघाले. रस्त्यावरील वाहनांच्या कोंडीतून सुटण्यासाठी बँकॉकमध्ये दोन चांगले मार्ग आहेत. एक म्हणजे 1999 साली सुरू झालेली उंचावरून धावणारी गाडी आणि दुसरा म्हणजे चाओ फ्राया नदी. सियाम स्थानकावर गाडी बदलून तक्सिन पुलाजवळ उतरावे आणि तेथून नारिंगी निशाणाची बोट धरावी. काठावरची मंदिरे, गोदामे, उंच हॉटेले पाहत प्रवासी राजवाड्याच्या धक्क्याला लागतो. नावेतून उतरताना माईंचा हात धरायला एक थाई विद्यार्थिनी आपण होऊन पुढे झाली. त्या शहराबद्दल लिहिताना ही गोष्टही नोंदवली पाहिजे, कारण पुढची गोष्ट वेगळी आहे.

राजवाड्याच्या लांबलचक पांढऱ्या भिंतीकडेने चालत असता एक नीटनेटका गृहस्थ समोर आला. इस्त्रीचा सदरा, गळ्यात ओळखपत्र, बोलणे अत्यंत नम्र. आज भिक्षूंचा विधी असल्याने राजवाडा दुपारी एकपर्यंत बंद आहे, असे त्याने सांगितले. अण्णांच्या हातातल्या नकाशावर त्याने दोन मंदिरांभोवती गोल काढले आणि ‘आज शेवटच्या दिवसाची सरकारी रत्नविक्री’ म्हणून तिसरा गोल काढला. जवळच एक टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, उभी होती. सगळीकडे फिरवून आणण्याचे फक्त वीस बाथ. वीस बाथ म्हणजे पन्नासएक रुपये. एवढ्या पैशांत सांगलीत रिक्षावाला स्टँडवरून विश्रामबागेलासुद्धा नेणार नाही, हे अण्णांच्या मनात यायला हवे होते. सहलीच्या व्यवस्थापकाने बसमध्ये सावधही केले होते. परंतु अशा सूचना इतरांसाठी असतात, असे प्रत्येक जाणत्या माणसाला वाटते.

पहिल्या मंदिरात, बुद्धमूर्तीसमोर, आणखी एक गृहस्थ योगायोगाने भेटला. आपण सरकारी खात्यात आहोत, मुलाच्या लग्नासाठी कालच खडे घेतले, हेच खडे परदेशी पेढ्या दुप्पट किमतीला घेतात, असे त्याने न विचारता सांगितले. दोन अनोळखी माणसांनी एकच गोष्ट सांगितली, तेव्हा अण्णांना ती खरी वाटू लागली. पूर्वी शाखेत एकाच कर्जाला दोन जामीनदार एकाच पत्त्यावरचे आढळले, तर हेच अण्णा अर्ज परत पाठवीत असत.

दुकानात थंडगार हवा होती. मखमली तबकात माणके मांडलेली, शेजारी भिंग, छोटी विजेरी आणि बाटलीबंद पाणी. विक्रेत्याने प्रमाणपत्र दाखवले. कबुतराच्या रक्तासारखा म्हणतात तसा लालभडक खडा असलेल्या एका अंगठीची किंमत चाळीस हजार बाथ होती. म्हणजे लाखभर रुपये. मुंबईत दोन लाखांना सहज जाईल, असे तो म्हणाला. अंगठी माईंच्या बोटात बसलीही. अण्णांनी पाकीट बाहेर काढले.

माई अंगठीकडे बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारले, ‘‘अहो, तुमच्या बँकेत खड्याला कधी किंमत दिली होती का?’’

अण्णांचा हात थांबला. सोनेतारण कर्जाच्या खिडकीवर त्यांनी कित्येक वर्षे एकच वाक्य उच्चारले होते. खडे, मोती, लाख वजा करून निव्वळ सोन्याचे वजन धरले जाईल. त्यावर रडवेल्या झालेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या आणि नियम समजावून सांगितला होता.

‘‘आणि मुंबईत दोन लाख येत असतील, तर हे स्वतःच का नाही नेऊन विकत?’’ माईंनी अंगठी काढून तबकात ठेवली. ‘‘चला. मला राजवाडा बघायचाय.’’

संभाषण मराठीत झाल्यामुळे विक्रेत्याला शब्द कळले नाहीत, अर्थ मात्र कळला असावा. त्याची नम्रता तत्काळ मावळली. बाहेर टुकटुकही नव्हती. गिऱ्हाईक आणून पोहोचवल्याबद्दल अशी दुकाने चालकाला पेट्रोलची कुपने किंवा दलाली देतात. वीस बाथांचे गणित त्यात बसते. थायलंडचे सरकार रत्नांचे कोणतेही दुकान चालवत नाही, हे एवढे एकच वाक्य पाठ करून गेले तरी पुष्कळ नुकसान टळेल. ज्यांना खडा घ्यायचाच असेल त्यांच्यासाठी तपासणी करून अहवाल देणारी जेम अँड ज्वेलरी इन्स्टिट्यूट ऑफ थायलंड ही संस्था सीलोममध्ये आहे. उष्णता देऊन रंग खुलवलेली माणके त्या बाजारात सर्रास असतात. काचेने भेगा भरलेलीही असतात. दोन्ही डोळ्यांना सारखीच लाल दिसतात.

टॅक्सीने परत आले तेव्हा राजवाडा उघडा होता. तो सकाळी साडेआठपासून उघडाच होता. प्रवेशद्वारापाशी, राजवाडा बंद असल्याचे सांगणाऱ्या अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका, अशा अर्थाची पाटीही होती. अण्णांनी ती दोनदा वाचली. माणशी पाचशे बाथांचे तिकीट त्यांनी एक शब्दही न बोलता काढले.

राम पहिला या राजाने 1782 साली बँकॉक राजधानी केली, त्याच वर्षी या वास्तूचे काम सुरू झाले. आतील मंदिरातील ‘पाचूचा बुद्ध’ जेमतेम 66 सेंटिमीटर उंच आहे. ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा त्याचा सुवर्णवेष बदलतात आणि तो मान राजाचा. गंमत अशी की, ही मूर्ती पाचूची नाहीच. ती हिरव्या रंगाच्या वेगळ्याच दगडाची आहे. हे कळल्यावर माईंनी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी छताकडे पाहिले. मूर्तीसमोर जमिनीवर बसलेल्या शेकडो थाई माणसांना दगडाच्या जातीशी काही कर्तव्य दिसत नव्हते.

सभोवतालच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर ‘रामकियेन’ म्हणजे थाई रामकथा 178 चित्रांत रंगवली आहे. त्यात पांढरा हनुमान मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो. हे पाहून सहलीतील काही मंडळी आदल्या दिवशी नाराज झाली होती. विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ची कथा ऐकत वाढलेल्या माईंना गृहस्थ हनुमानाचे नवल वाटले नाही. त्या चित्रांपाशी त्यांनी पाऊण तास काढला.

तिथून वाट फो. 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आणि त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाची 108 शुभचिन्हे. मग नावेने पलीकडे वाट अरुण. दुरून रत्नजडित भासणारा त्याचा मनोरा जवळ गेल्यावर चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेला दिसतो. चीनहून येणाऱ्या जहाजांत भार म्हणून अशी भांडी येत असत. ‘‘फुटक्या कपबशांचं केवढं केलंय बघा,’’ माई म्हणाल्या. दिवसभरात प्रथमच अण्णा मोकळेपणी हसले.

सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायला हवे होते. याओवारात या चिनी वस्तीत पिवळ्या पाटीवर तांबड्या अक्षरांत एक थाई शब्द दिसतो. आपल्या डोळ्यांना तो इंग्रजी 17 या आकड्यासारखा वाटतो. त्याचा उच्चार ‘जे’. या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. साध्या ‘शाकाहारी’ शब्दापेक्षा ही पाटी अधिक भरवशाची, कारण एरवी माशाचे पाणी तिथल्या भाजीत सहज जाते. मात्र मुळा, गाजर ‘जे’ला चालतात, कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी ताटात पाहून घ्यावे. माईंनी टोफू आणि पालेभाजीवर भागवले.

रविवारी विमान रात्रीचे होते, म्हणून सकाळी चतुचक गाठले. शनिवार-रविवारी भरणारा हा बाजार 1982 पासून सध्याच्या जागी आहे. 27 विभाग, पंधरा हजारांवर गाळे आणि चुकलेल्यांना खूण म्हणून मध्यभागी एक घड्याळाचा मनोरा. मोठ्या दुकानांत एका दिवशी 2,000 बाथ किंवा अधिक खरेदी केल्यास सात टक्के व्हॅटपैकी बरीच रक्कम विमानतळावर परत मिळते. त्यासाठी दुकानातून अर्ज भरून घ्यावा लागतो आणि खरेदी मोठ्या रकमेची असल्यास सामान जमा करण्यापूर्वी कस्टमला वस्तू दाखवाव्या लागतात. चतुचकच्या गाळ्यांवर मात्र ती अपेक्षा धरू नये. बुद्धमूर्ती घेण्याचा मोह टाळावा; ती देशाबाहेर नेण्यास ललितकला विभागाचा परवाना लागतो.

माई एका बुरुडकामाच्या गाळ्यावर थांबल्या. चिकट भात ठेवण्याच्या, झाकणाच्या दुपदरी विणीच्या बांबूच्या टोपल्या होत्या. आतली वाफ विणीतून निघून जाते, भात ओलावत नाही, असे गाळेवालीने हातवारे करून सांगितले. ‘‘भाकरीला घाम सुटणार नाही,’’ माई म्हणाल्या. घासाघीस करून त्यांनी पाच टोपल्या घेतल्या. मुलीला, सुनेला, दोन जावांना आणि एक स्वतःला.

विमानतळावर अण्णांनी ते पाकीट माईंच्या हातात दिले. माईंनी नोटा मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

दिवाळीच्या आधी दोघे सांगलीच्या सराफकट्ट्यावर गेले. पाकिटातल्या पैशांत चार तोळ्यांच्या पाटल्या होण्यासारख्या नव्हत्या. दोन बांगड्या झाल्या, बारीक. सराफाने पावती पुढे केली, तेव्हा तीवर निव्वळ वजन लिहिले आहे की नाही, हे अण्णांनी चष्मा लावून पाहिले.