डोळे काढलेली माकूल

तोयामा, मे महिना

ती. मावशीस,


अर्नाळ्याच्या बाजारात माकूल घेताना तू आधी तिचे डोळे बघतेस. इथली माणसं खाण्याआधी ते काढून टाकतात. होतारू-इका, म्हणजे काजवा-माकूल, जेमतेम बोटाएवढी असते. उकडली की लोण्यासारखी होते, डोळे मात्र खड्यासारखे दाताखाली येतात. म्हणून चांगल्या खाणावळीत कुणीतरी चिमटा घेऊन एकेकीचे दोन्ही डोळे उपटत बसलेलं असतं. वर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) आणि व्हिनेगरची आंबटगोड चटणी. पोट साफ करायचं नाही. सगळी चव तिथेच.

ही माकूल दिवसा दोनशे मीटरच्याही खाली असते, रात्री वर येते. तोयामाचा उपसागर हजार मीटरहून खोल, आणि किनारा सोडला की तळ कड्यासारखा तुटतो. त्यामुळे खोल पाण्यातला जीव इथे काठालगत सापडतो. वसंतात अंडी घालायला येतात त्या जवळजवळ साऱ्या माद्याच. जाळी तुमच्या डोल-जाळ्यांसारखी जागच्या जागी उभी. पहाटेच्या अंधारात ती ओढली की पाणी निळं पेटतं; जवळच्या नामेरिकावा बंदरातून प्रवासीही बोटीत बसून ते बघायला जातात. तिथल्या समुद्राला 1922 पासून सरकारी संरक्षण आहे. माकूल पकडायला मात्र परवानगी आहे, हे बरं!

आता तुला पटणार नाही ते सांगायचं. हीच माकूल आतड्यांसकट कच्ची खायची, तर ताजी चालत नाही. तिच्या पोटात एक बारीक कृमी असते. एक तर आतडी काढायची, नाहीतर उणे 30 अंशांवर चार दिवस किंवा त्याहून कडक थंडीत कमी वेळ गोठवायची, असा इथला दंडक. म्हणजे बंदरासमोर बसून खाल्लेली अख्खी कच्ची माकूलही आधी गोठवलेली!

एप्रिलपासून शिरोएबीही येते. करंदीएवढी, काचेसारखी पारदर्शक, गुलाबी झाक असलेली. सोलणाऱ्याच्या बोटांची दया यावी इतकी बारीक. भजी केली तर सोलायची कटकट नाही, आणि भजीच जास्त छान लागतात.

तोक्योला आलेले पर्यटक मात्र मासळीसाठी त्सुकिजीच्या जुन्या बाजारात रांगा लावतात. खरा घाऊक बाजार ऑक्टोबर 2018 मध्येच तोयोसूला गेला. मागे राहिली ती बाहेरची दुकानं. तोक्योत मासे साऱ्या जपानमधून येतात, परदेशातूनही. कच्च्या सामनची सुशी तर नॉर्वेच्या व्यापाऱ्यांनी 1980 च्या दशकात खटपट करून इथल्यांच्या गळी उतरवली.

तोयामाचा खरा मानकरी मात्र हिवाळ्यातला बुरी मासा. हिवाळ्याच्या तोंडाशी समुद्रावर मेघ गडगडतात, त्याला इथे ‘बुरी-ओकोशी’ म्हणतात, म्हणजे बुरीला जागं करणारा गडगडाट. हा मासा वाढेल तसं नाव बदलतो: त्सुबाइसो, कोझुकुरा, फुकुरागी, गांदो आणि शेवटी बुरी. अशी बढती मिळवणारा म्हणून तो शुभ. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षअखेरीला मुलीच्या माहेरून सासरी अख्खा बुरी पाठवायची इथली रीत आहे. जावई असाच चढत जावो, ही त्यामागची इच्छा. सासरचे त्यातला अर्धा परत पाठवतात. दिवाळसणात असं काही परत आलेलं आपल्याकडे कुणी पाहिलंय का?

आणि एवढी ताजी मासळी दारात असून या लोकांना ती कोम्बूत दाबून ठेवायला आवडते. कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळाचे रुंद, वाळवलेले पट्टे. ते इथलं नव्हेच. पूर्वी उत्तरेच्या होक्काइदोहून शिडाच्या जहाजांतून यायचं. माशाचे काप दोन पट्ट्यांत दाबून रात्रभर ठेवले की पाणी सुटतं, मांस घट्ट होतं आणि शेवाळाची चव आत उतरते.

पत्रासोबत कोम्बूची एक जुडी पाठवली आहे. सुरमईवर करून बघ, पण दाबून झाल्यावर तव्यावर भाजूनच खा. आणि जरा घाई कर. 1 जूनला तुमच्याकडे मासेमारीबंदी लागली की बोटी दोन महिने किनाऱ्यावर, आणि मग ही जुडी सुक्या बोंबलांशेजारी पडून राहील.

तुझा भाचा