मी शेपफाईलवाला होतो

नकाशाच्या धंद्यात दोन पंथ आहेत. एक डोळ्यांनी काम करणारा, दुसरा क्वेरीने. मी कित्येक वर्षं पहिल्या पंथाचा, आणि तोही कट्टर. स्पेशियल डेटाबेस म्हणजे माझ्या लेखी एक रेकॉर्ड रूम होती. माहिती नीट लावून ठेवायची सोय, यापलीकडे काही नाही. बांध कुठे वळतो, ओढा कुठे हद्द बदलतो हे नजरेला कळतं. टेबलातल्या ओळीला काय डोंबल कळणार, असं मी नव्या मुलांना ऐकवायचो.

माझं सगळं प्रेम शेपफाईल या नकाशाच्या फाईल-प्रकारावर. एस्री कंपनीने १९९८ साली तिची रचना खुली केली आणि जगातलं झाडून सगळं सॉफ्टवेअर ती वाचू लागलं. पेन ड्राइव्हवर टाका, मेलने पाठवा, कुठेही उघडते. तिच्या खोडी मला पाठ होत्या. एक थर म्हणजे किमान तीन फायली, त्यातली एक मागे राहिली की बोंब. कॉलमच्या नावाला जागा दहा बाइटची, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘क्षेत्रफळ’ लिहायला जावं तर ‘क्ष’मध्येच जागा संपते. तरीही मी तिचीच बाजू घ्यायचो. माणूस सवयीच्या त्रासाला त्रास म्हणत नाही.

मत हललं ते पूररेषांच्या कामात. आपल्याकडे निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा बांधकामाला निषिद्ध. म्हणजे प्रश्न सरळ: कोणते गट निळ्या रेषेच्या आत, आणि प्रत्येकाचं किती क्षेत्र? माझी रीत अशी की दोन्ही थर उघडायचे, क्लिप करायचं, नवी फाईल जतन करायची. रेषेत दुरुस्ती आली की पुन्हा पहिल्यापासून. पोस्टजीआयएस या स्पेशियल डेटाबेसमध्ये हेच काम एका वाक्याचं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्चने २००१ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या खांद्यावर हे उभं केलं, आणि ते फुकट मिळतं हेही मला ठाऊक होतं. पण वेगाच्या गप्पांना मी भुलणाऱ्यातला नव्हतो. शिवाय पहिली क्वेरी चालवली तर ती संपेचना. मला मनातून बरंच वाटलं.

पण ती का संपत नाही हे शोधायला बसलो, आणि तिथेच फसलो. अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेली आर-ट्री नावाची युक्ती या सगळ्याच्या मुळाशी आहे. प्रत्येक आकृतीभोवती एक सरळ उभा-आडवा चौकोन आखायचा, असे जवळजवळचे चौकोन मोठ्या चौकोनात घालायचे, ते आणखी मोठ्यात. शोध घेताना आधी फक्त चौकोन चौकोनाला लागतो का ते पाहायचं. त्यात पास झालेल्यांचीच खरी भूमिती तपासायची. शेताच्या गटांना हे चपखल बसतं. नदीला बसत नाही. नदी तिरपी आणि वळणावळणाची, तिच्या पूरक्षेत्राचा चौकोन अर्धा तालुका गिळतो. मग प्रत्येक गट ‘कदाचित आत’ ठरतो आणि हजारो बिंदूंच्या त्या आकृतीशी एकेकाची झटापट सुरू होते. उपाय पोस्टजीआयएसच्या एसटी सबडिव्हाइड या फंक्शनचा: पूरक्षेत्राचे तुकडे करायचे, एका तुकड्यात फार तर २५६ बिंदू. ते तुकडे पडद्यावर पाहिले. वळणावर बारीक बारीक, सरळ पात्रात लांबलचक. क्वेरी पुन्हा लावली आणि खुर्चीतून उठायच्या आत उत्तर हजर.

इथे काही तरी उलटं झालं होतं. नदीचा आकार ज्याच्या डोळ्यांपुढे आहे त्यालाच हे दुखणं ओळखता येतं. म्हणजे नजर मोडीत निघाली नव्हती, फक्त तिचं काम बदललं होतं.

तरी खरा पराभव पुढेच होता. एखाद्या गटाचा बांध नेमका निळ्या रेषेवर असेल तर तो आत की बाहेर? मी ते बघून ठरवायचो. सकाळी एक, दमलो असलो तर संध्याकाळी दुसरं. डेटाबेस ही मुभा देत नाही. मॅक्स एगेनहोफर आणि इतरांनी १९९०च्या आसपास यासाठी नऊ खान्यांचा तक्ता बसवला. प्रत्येक आकृतीला तीन भाग, आत, सीमा आणि बाहेर. एकीचे तीन दुसरीच्या तिघांशी ताडायचे. इंटरसेक्ट्स म्हटलं तर नुसता बांध टेकलेला गटही यादीत येतो. टचेस म्हटलं तर सीमाच तेवढी भिडायला हवी, आतला भाग मिसळता कामा नये. नेमकं काय म्हणायचंय ते लिहावंच लागतं. आणि लिहिलं की दुसऱ्याला ते वाचून माझ्याशी भांडता येतं. माझ्या नजरेने दिलेले निर्णय कुणालाच वाचता आले नव्हते. एखाद्याचं घर ज्या रेषेवर अडणार, तिथे हे मला आता आवश्यक वाटतं.

आणखी एक फायदा पटकन सांगतो. ७८ अंश पूर्व रेखांश विदर्भातून जातो, आणि यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाचा पट्टा तिथेच बदलतो, त्यामुळे अमरावती ४३व्या पट्ट्यात आणि वर्धा-नागपूर ४४व्यात. दोन पट्ट्यांतल्या आकृत्या ताडायला गेलं की डेटाबेस थेट नकार देतो. शेपफाईल कधी तोंड उघडायची नाही.

मात्र मी सगळाच धर्मांतरित झालेलो नाही. १:१०,००० प्रमाणाच्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पाच मीटर रुंद होते. ती स्कॅन करून आत घातली की त्याच गटाचं क्षेत्रफळ दशांशचिन्हापुढे सात-आठ अंकांपर्यंत येतं, आणि लोक ते अहवालात उतरवतात. अख्खं गाव उपग्रहचित्रावर एका बाजूला सरकलेलं असेल तर डेटाबेसची काहीच तक्रार नसते. प्रत्येक आकृती वैध, कुणाची हद्द कुणावर चढलेली नाही, क्षेत्रफळांची बेरीज बरोबर, फक्त विहीर शेजाऱ्याच्या गटात. हे क्यूजीआयएस उघडून चित्रावर थर टाकल्याशिवाय दिसत नाही. हाताखालची मुलं नकाशा न उघडताच क्वेरीचं उत्तर पाठवतात, तेव्हा ते मी परत पाठवतो. ती मला जुन्या वळणाचा म्हणतात, म्हणू देत.