छोटी, अंगावर काढू नकोस

बार्शी
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. सौ. छोटीस,


काल फोनवर तू म्हणालीस, “डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका, आता तिचं काय काम आहे? मलाही वाटलं, एकदाची कटकट जाईल.” मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, कुणीतरी तुला हाका मारत होतं, आणि तू घाईघाईत ‘बघू गं’ म्हणून फोन ठेवलास. ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवावी अशी ही गोष्ट नाही, म्हणून हे पत्र. घरात कुणी नसताना सावकाश वाच.

आधी गर्भपिशवीचं. तुला 48 पूर्ण झाली. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी 46-47व्या वर्षी जाते, आणि जाण्याआधी दोन-चार वर्षं ती अशीच बेभरवशाची होते. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी आठ-दहा दिवस अंगावरून जातं. तुझ्या सोनोग्राफीत दोन लहान गाठी दिसल्या. तसल्या फायब्रॉइडच्या गाठी चाळिशीनंतर कितीतरी जणींना असतात, आणि पाळी गेली की बहुतेकदा आक्रसतात. शस्त्रक्रिया कधीकधी करावीच लागते. गाठ मोठी असेल, औषधांनी रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, आतल्या अस्तरात काही वावगं निघालं असेल, तर मी स्वतः तुझ्या उशाशी येऊन बसेन. पण ‘आता तिचं काय काम’ हे काही कारण नव्हे.

तुझं हिमोग्लोबिन किती आहे ते कुणी पाहिलं का? थायरॉइड पाहिलं का? थायरॉइड बिघडलं तरी रक्तस्राव वाढतो. पंचेचाळिशीनंतर असं अनियमित जात असेल तर अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात, तो पाठवला का? रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. तांबीसारखंच पिशवीत बसवायचं, पण हार्मोन सोडणारं एक साधन असतं. त्याने पुष्कळ जणींचा त्रास थांबतो आणि पाळी जाईपर्यंतची वर्षं निभावतात. हे सगळं विचारल्याशिवाय टेबलावर झोपायचं नाही. आणि ‘त्याबरोबर बीजकोशही काढून टाकू’ असं कुणी म्हणालं, तर का, ते स्पष्ट विचार. पाळी चालू असताना बीजकोश काढले की शरीराचं इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं, आणि त्याची किंमत पुढे हाडं आणि हृदय मोजतात.

बीड जिल्ह्यात काय झालं ते तुला ठाऊक आहेच. 2019 साली सरकारने ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी केली. 82 हजारांहून जास्त जणींना विचारलं, तर त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. त्या बायकांच्या डोक्यावर मुकादमाची उचल होती, एक दिवस खाडा झाला की दंड होता, कोपीत पाळीचं कापड बदलायला आडोसा नव्हता. तुझं तसं नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला तुझ्याकडे रिक्षाचे पैसे आहेत आणि एक मोकळी दुपारही आहे.

आपल्या घरातल्या बायका दोनच टोकांना जातात. एक तर ‘या वयात असं व्हायचंच’ म्हणत सगळं अंगावर काढायचं, नाहीतर फारच झालं की एकदाचं कापून मोकळं व्हायचं. विचारायचं, तपासायचं, कशाला वय कारण आहे आणि कशाला नाही हे समजून घ्यायचं, ही मधली वाट आपल्याला कुणी दाखवली नाही. आरोग्य केंद्रातल्या नोकरीची सगळी वर्षं मी बायकांना तीच सांगत फिरले. आता तुला सांगते.

रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, मान-छाती घामाने भिजते, मग थंडी वाजते, झोप मोडते, दिवसा क्षुल्लक गोष्टीवरून रडू येतं, हे वयाचं. पण वयाचं म्हणजे सोसायचंच असं नाही. त्यावर हार्मोनची औषधं आहेत. 2002 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला आणि जगभर त्यांचा धसका बसला. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. पुढे आकडे वयाप्रमाणे वेगळे करून पाहिले, तेव्हा साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि फार त्रास होत असलेल्या बायकांना फायदा जास्त असल्याचं दिसलं. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, तर ती घ्यायची नाहीत. बाकीच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

आता जे वयाचं नाही ते ऐक. पाळी बंद होऊन सलग वर्ष झालं आणि मग डागभर जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. मी नोकरीत असताना एक बाई केंद्रावर आल्या होत्या. नातीला डोस द्यायला आलेल्या. जाता जाता दारात थांबून हळूच म्हणाल्या, “सिस्टर, मला परत पाळी सुरू झाली.” पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. उष्णता झाली असेल म्हणून त्या सब्जाचं पाणी पीत होत्या, गुलकंद खात होत्या, घरात कुणाला बोलल्या नव्हत्या. तपासणीत पिशवीचा कर्करोग निघाला. दहातल्या नऊ जणींच्या बाबतीत असल्या रक्तस्रावाचं कारण साधं असतं, दहावीच्या बाबतीत नसतं, आणि आपण दहावी आहोत की नाही ते घरी बसून कळत नाही.

दुसरी गोष्ट जपून लिहिते आहे. श्रावणात मंगळागौरीला सगळ्या जणी फुगडीला उभ्या राहिल्या आणि तू गुडघ्याचं निमित्त करून भिंतीशी बसलीस. लहानपणी तुझ्याइतकी फुगडी आळीत कुणी घालत नव्हतं. तुझे गुडघे ठीक आहेत, छोटी. उड्या मारताना, शिंकताना, जोरात हसताना लघवी सुटते, आणि म्हणून एसटीने यायच्या आधी तू पाणीही पीत नाहीस, हे मला कळतं. कमी पाणी प्यायल्याने लघवीचा जंतुसंसर्ग वाढतो, दुसरं काही होत नाही. बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात, पाळी जाताना आणखी पडतात. लघवी रोखताना जे स्नायू आपण वर ओढतो, तेच आवळायचे, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. पोळ्या लाटताना कर, टीव्ही बघताना कर, शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. फरक नाही पडला तर फिजिओथेरपिस्टकडे जा, हे शिकवणाऱ्या बायका असतात. आत कोरडेपणा, आग, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, यावर थोड्या मात्रेचं हार्मोनचं लावायचं क्रीम मिळतं. तेही डॉक्टरबाईंना सांग. त्यांना त्यात नवीन काही नाही.

आईचं आठवतंय ना? न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला, आणि त्यानंतर ती कधी जिना उतरून खाली आली नाही. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यांत वेगाने झिजतात, काही जणींची वीस टक्क्यांपर्यंत. आईचा खुबा मोडलेला असला की मुलींना धोका जास्त, म्हणजे तुला आणि मला. मी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घेतली, पाळी गेली की तूही एकदा घे. तू रोज सकाळी बागेला फेऱ्या मारतेस, ते हृदयाला चांगलंच. पण नुसत्या चालण्याने हातापायांत बळ येत नाही, आणि म्हातारपणी पडण्यापासून वाचवतं ते बळच. खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. भिंतीला हात लावून जोर काढायचे. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन दंड वर-खाली करायचे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि सोपं वाटू लागलं की वजन वाढवायचं. जमिनीवर बसणं-उठणं सोडू नकोस.

बळ यायचं तर पोटात काही जायला हवं. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी राहिलेलं वरण पाणी घालून पुरवायचं आणि त्यातलं शेवटचं आपण घ्यायचं, हे आईने केलं, तू करतेस. तुझं वजन साठ किलो आहे, म्हणजे रोज पन्नासएक ग्रॅम प्रथिनं हवीत. मोठ्या वाटीभर मटकीच्या उसळीत सात-आठ ग्रॅम मिळतात, तेव्हा पातळ वरणाच्या दोन डावांत काय भागणार? उपास सोड असं मी म्हणणार नाही, तुझी श्रद्धा आहे. पण चतुर्थीला, एकादशीला साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याऐवजी राजगिरा, दही, दूध, मूठभर शेंगदाणे घे. पाळी गेल्यावर रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कपभर दुधात 240च्या आसपास असतं, शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350, तीळ तर कॅल्शियमने भरलेले. थंडी येतेच आहे, बाजरीच्या भाकरीला तीळ लाव, नाचणीची आंबील कर. कॅल्शियमची गोळी घ्यायची झालीच, आणि थायरॉइडचीही गोळी लागली, तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेव. आणि ड जीवनसत्त्वाची आठवड्याला घ्यायची पुडी डॉक्टरांनी सांगितली तेवढेच आठवडे घ्यायची. बरं वाटतं म्हणून महिनोन्‌महिने चालू ठेवली तर अपाय होतो.

छातीचंही सांगते. पाळी जाईपर्यंत बायकांच्या हृदयाला थोडं संरक्षण असतं, नंतर कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब दोन्ही वर जातात. बायकांना झटका येतो तेव्हा छातीत कळ येतेच असं नाही. धाप लागते, जबडा किंवा पाठ भरून येते, मळमळतं, दरदरून घाम फुटतो, आणि घरातले म्हणतात, ॲसिडिटी झाली, सोडा घे. असं झालं तर सोडा घ्यायचा नाही, दवाखान्यात जायचं.

आणि कर्करोगाच्या दोन तपासण्या. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, टाटा रुग्णालय आणि इथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या लोकांनी सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. ज्या गावांत गर्भाशयमुखाची एचपीव्ही विषाणूसाठीची तपासणी एकदा झाली, तिथे त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. 2009 साली ते जगापुढे आलं. मुंबईतल्या वस्त्यांत साध्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास घटले. शेताच्या बांधावरून, चाळीच्या खोलीतून उठून ज्या बायका या तपासण्यांना आल्या, त्यांच्यामुळे हे कळलं. त्यांना वेळ काढता आला, तर तुलाही काढता येईल. तुझ्या गावच्या सरकारी दवाखान्यातही तपासणी होते.

येत्या सोमवारी उपाशीपोटी जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घे. रिपोर्ट आणि सोनोग्राफीचा कागद, दोन्हींचे फोटो मला पाठव. दुसऱ्या डॉक्टरांना काय काय विचारायचं ते मी लिहून देते, आणि तू म्हणशील त्या दिवशी सोबत यायला मी तयार आहे. तोवर कुठल्याही संमतिपत्रावर सही करू नकोस.

तुझी,
ताई