वेग उपजतच असतो, असं मी म्हणायचो

भंडारा जिल्ह्यात फास्ट बॉलर घडवावा लागत नाही, तो आपोआप निघतो, असं मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. मोहाडी-तुमसर भागातल्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंट मी आधी खेळलो, मग भरवल्या, मग त्यांत पंच म्हणून उभा राहिलो. धान कापून झालं, चुरणे आटोपले, की बांध्या मोकळ्या होतात आणि गावोगावचे पोट्टे स्टम्प ठोकतात. त्या खडबडीत जमिनीवर दोन-तीन षटकं जीव खाऊन टाकणारा मुलगा मला खरा बॉलर वाटायचा. ज्याच्या खांद्यात वेग आहे त्याने बॉल घ्यावा, बाकीच्यांनी बॅट. शिकवून वेग येत नाही, उलट असलेला जातो, हे माझं ठाम मत होतं.

या मताला पुरावाही घरचाच होता. उमेश यादव आमच्यापासून फार लांबचा नाही. नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्याजवळ वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला, खाण कामगाराचा मुलगा, पोलीस भरतीत नाव न लागलेला, विशी जवळ येईपर्यंत टेनिस बॉलवरच खेळलेला. २००८ साली तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीत उतरला. विदर्भाच्या संघातून भारताचा कसोटीपटू होणारा तो पहिला. बघा, म्हणायचो मी, कोणी शिकवलं त्याला?

पुढे त्याची कारकीर्द मी वर्षं लावून पाहत गेलो तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मिळत गेलं. सुरुवातीच्या वर्षांत वेग होता, पण धावा फार जायच्या. एक बॉल अप्रतिम, पुढचा पायावर. तोच उमेश २०१७ मध्ये भारतातल्या खेळपट्ट्यांवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार कसोटींत १७ बळी घेतो. २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध एकाच सामन्यात १० बळी घेतो. मायदेशी असं करणारे त्याच्याआधीचे भारतीय वेगवान गोलंदाज दोनच, कपिल देव आणि श्रीनाथ. खांदा तोच होता, वेगही साधारण तोच. बदललं होतं ते मनगट, टप्पा आणि शिवण सरळ ठेवून बॉल सोडण्याची सवय. आणि सवय काही जन्मासोबत येत नाही.

टेनिस बॉलचं वजन ५६ ते ५९ ग्रॅम, लेदर बॉलचं १५६ ते १६३. जवळजवळ पावणेतीन पट. हलका बॉल नुसत्या हाताच्या झटक्याने जातो. त्याला शिवणच नसल्यामुळे मनगट बॉलच्या मागे आहे की बाजूला, याची किंमत कधी मोजावी लागत नाही. लेदर बॉल मात्र लगेच हिशेब मागतो. मनगट जरा कललं की शिवण डगमगते आणि स्विंग मरतो. आमच्याकडची वेगाने टाकणारी पोरं नागपूरला निवड चाचणीला जाऊन हात हलवत परत यायची, तेव्हा मी ओळखीपाळखीला दोष द्यायचो. आता वाटतं, निवडणाऱ्यांना जे दिसत होतं ते मला बघताच येत नव्हतं.

माझं मत शेवटी वळलं ते रजनीश गुरबाणीमुळे. इंजिनीअरिंग केलेला मुलगा, फलंदाजाला धाक बसावा असा वेग नाही. २०१७-१८च्या रणजी उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर कर्नाटकाला जिंकायला थोडक्याच धावा हव्या होत्या. गुरबाणीने दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक, तिघेही त्रिफळाचीत, त्यातला एक शतक ठोकून उभा असलेला ध्रुव शोरी. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅट्‌ट्रिक. विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा मी हरखून गेलो, पण रात्री झोप लागेना. आम्हाला करंडक मिळवून दिला तो एकाच जागी, एकाच शिवणीवर पुन्हा पुन्हा टाकणाऱ्याने. त्याच्या मागे प्रशिक्षक म्हणून होते सुब्रतो बॅनर्जी, ज्यांनी उमेशवरही मेहनत घेतली. 

त्यानंतर मी शाळेतल्या मुलांचा सराव मुळापासून बदलला. आधी आम्ही तासभर टाकत सुटायचो आणि दमलो म्हणजे सराव झाला असं समजायचो. आता एका वेळी एकच गोष्ट. जुन्या लेदर बॉलच्या शिवणीलगत खडूची रेघ ओढायची, रन-अप न घेता पुढचा पाय रोवून उभं राहायचं आणि जवळच्या एकाच स्टम्पवर टाकायचं. रेघ हवेत सरळ दिसली तर मनगट बरोबर. तिचं चक्र झालं तर थांबून विचार करायचा, लगेच पुढचा बॉल नाही. रन-अपसाठी क्रीजकडून उलटं पळायचं आणि जिथे उडी नैसर्गिक पडेल तिथे खूण करायची. नो-बॉल बहुतेकदा पहिल्या पावलातच ठरलेला असतो, क्रीजवर नव्हे. मोबाईल विटेला टेकवून संथ गतीचं चित्रण करतो आणि मुलालाच विचारतो, डोकं कुठे पडतंय?

पोरांना हे आवडलं नाही. "सर, बॅट्समनच नाही तं कायची बॉलिंग?" एकाने तोंडावर विचारलं. त्याचा वेग सुरुवातीला खरंच कमी झाला, गावच्या सामन्यात मार बसला आणि त्याचे वडील माझ्याकडे आले. मलाही वाटलं, सोडून द्यावं. मग हळूहळू टप्पा स्थिरावला, वेग परत आला आणि बॉल उशिरा बाहेर जाऊ लागला. तो मोठा खेळाडू होईल की नाही ते सोडा. आपला बॉल का वळला हे त्याला सांगता येतं, आणि माझ्या खेळण्याच्या काळात हे आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं.

जुन्या मतातला एक भाग मात्र मी सोडलेला नाही. सगळ्यांना एकाच साच्यात घालू नये. बुमराची अॅक्शन कुठल्याही पुस्तकात बसत नाही आणि ती तशीच ठेवणाऱ्यांचे उपकार मानायला हवेत. पण तोच बुमरा लहानपणी अहमदाबादच्या घरात, आईची झोपमोड होऊ नये म्हणून, भिंत आणि फरशी मिळतात त्या कडेवर बॉल टाकायचा, कारण तिथे आवाज कमी होतो. यॉर्करचा याहून नेमका सराव मला माहीत नाही.

आता माझी काळजी पाठीची आहे. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला अशी अॅक्शन असली, की कमरेच्या मणक्यावर ताण साचत जातो आणि हाडाला बारीक तडा जातो. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिलीला हे १९७३ मध्ये झालं आणि त्याला पुन्हा उभं राहण्यासाठी अॅक्शन नव्याने बांधावी लागली. कोवळ्या वयात हा धोका जास्त असतो. आमच्या टुर्नामेंटमध्ये चौदा-पंधरा वर्षांचा वेगवान पोरगा एका दिवसात तीन सामने खेळतो, तेही अंग न तापवता. त्याने दिवसाला किती षटकं टाकायची याची मर्यादा नियमात घालावी, असं मी आयोजक मंडळापुढे मांडलं आहे. लोक वेग बघायलाच येतात, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य मीच कधीकाळी त्यांना दिलेलं. पुढच्या बैठकीत मी हा विषय पुन्हा काढणार आहे आणि मर्यादा आली नाही तर माझ्या शाळेची लहान मुलं त्या टुर्नामेंटमध्ये उतरणार नाहीत, हेही सांगणार आहे.