वॉटचा फंडा

‘4000 वॉट पीएमपीओ!’ खोक्यावर असा आकडा दिसला की आपण खलास. गंमत म्हणजे पीएमपीओ मोजायची एकच अशी ठरलेली पद्धतच नाही. कंपनी म्हणेल तो आकडा! बघायचा तो आरएमएस, बॉस.

मी एरवी या भानगडीत पडले नसते. पण बाबा रिटायर झाले आणि त्यांचे ऐंशीच्या दशकातले स्पीकर्स माळ्यावरून खाली आले. आई गेल्यापासून ते लागलेच नव्हते. तिच्या गाण्याच्या कॅसेट्स ऐकायच्या होत्या त्यांना, त्याही याच स्पीकर्सवर. जुना अ‍ॅम्प केव्हाच भंगारात गेलेला. आणि या स्पीकर्सचे ट्वीटर्स आता कुठेच मिळत नाहीत, म्हणजे जळला की खेळ खल्लास.

शेजारच्या काकांचा सल्ला: ‘छोटा अ‍ॅम्प घे, स्पीकर सेफ राहतील.’ पटतं ना? पण प्रकार बरोबर उलटा होऊ शकतो. छोट्या अ‍ॅम्पचा आवाज वाढवत नेला की त्याची ताकद संपते आणि ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. याला म्हणतात क्लिपिंग. त्यातून मूळ गाण्यात नसलेले तीव्र स्वर तयार होतात आणि ते थेट ट्वीटरकडे जातात. त्याची केसाएवढी बारीक कॉइल किती तग धरणार?

स्पीकरच्या मागे लिहिलं होतं: 8 ओहम, 60 वॉट, 86 डेसिबल. म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर 86 डेसिबल आवाज. घरात ऐकायला एवढं खूप झालं. मग मोठा अ‍ॅम्प कशाला? तर तबल्याची एक सणसणीत थाप सरासरी आवाजापेक्षा 15 डेसिबलनं सहज वर जाते. दर 3 डेसिबलला वॉट दुप्पट, म्हणजे एकाचे झाले 32! 20 वॉटचा अ‍ॅम्प तिथेच गुदमरतो.

लॅमिंग्टन रोडवर दोन शनिवार घालवून एक सेकंडहँड अ‍ॅम्प मिळवला. 8 ओहमला चॅनलमागे 80 वॉट आरएमएस. (4 ओहमचे स्पीकर असतील तर अ‍ॅम्पला ते झेपतात का, हे आधी विचारा. तिथे करंट दुप्पट लागतो.) 60च्या स्पीकरला 80? चालतं. फक्त नॉब पार टोकाला न्यायचा नाही.

बाबांनी तो जेमतेम पाव फिरवला. तानपुरा सुरू झाला. गाण्याआधी आई हळूच खाकरते, ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं. बाबांना ते आधीपासून माहीत असावं. त्यांनी कॅसेट मागे घेतली आणि तेवढंच परत लावलं.