वारसा आणि वहिवाट

इजिप्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात. त्या पिरॅमिडांच्या देशात आज नांदणारी माणसे मात्र आपल्याला सहसा आठवत नाहीत. नाईलच्या पश्चिम तीरावर, लक्सर शहरासमोर, गुर्ना नावाचे गाव होते. प्राचीन सरदारांच्या थडग्यांवरच लोकांनी घरे बांधली होती. वर चूल, खाली इतिहास! थडग्यांतल्या प्राचीन वस्तूंची चोरी होते, म्हणून गाव हलवायचे ठरले. १९४० च्या दशकात हसन फाथी या वास्तुशिल्पज्ञाने त्यांच्यासाठी मातीच्या विटांचे देखणे नवे गाव बांधले. बहुतेक लोक तिकडे गेलेच नाहीत. अखेर २००६ पासून जुनी घरे पाडण्यात आली. थडगी राहिली, माणसे गेली.

हे वाचल्यापासून मला आपला सातारा-सांगलीचा मुलूख निराळाच दिसू लागला आहे. आपणही जुन्या दगडांवरच संसार मांडलेली माणसे आहोत.

साताऱ्यात छत्रपतींच्या जुन्या राजवाड्यात शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. राजवाड्याला कुलूप घालून ठेवले असते, तर भिंती कदाचित अधिक शाबूत राहिल्या असत्या; पण आज महाराष्ट्र ज्या दिवशी ‘विद्यार्थी दिवस’ पाळतो, तो दिवस त्या वास्तूच्या वाट्याला आला असता का?

सांगलीशेजारच्या मिरजेची कथा तर याहून बोलकी. तेथील शिकलगार म्हणजे शस्त्रे घडविणारी, त्यांना धार लावणारी माणसे. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा त्यांनी भोपळा हाती घेतला आणि सतारी, तंबोरे घडविले. २०२४ मध्ये त्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाडवडिलांचा वारसा म्हणून ते तलवारीच घासत बसले असते, तर आज मिरजेत सूर जुळविले गेले नसते.

पण सगळीच वहिवाट अशी गोड नसते. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला आजोबांचे दहावे झाले. थोरल्या शाहू महाराजांची समाधी याच संगमावर. राजाचा आणि आमच्या शेतकरी म्हाताऱ्याचा शेवटचा मुक्काम एकाच घाटावर, या विचाराने त्या दिवशी मोठा धीर वाटला. मात्र पायऱ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले निर्माल्य साचले होते आणि कोरीव दगडावर कोणी तेलरंगाने आपले नाव लिहून ठेवले होते. मनात आले, उद्या कोणी ‘हा घाट बंद करा, माणसांना हटवा’ म्हणाला, तर आपण कोणत्या तोंडाने विरोध करणार?

माणसांना हटवावे असे मला मुळीच वाटत नाही. ज्या घाटावर कोणी रडत नाही, धुणे धूत नाही, दिवा सोडत नाही, तो घाट नुसता दगडांचा ढीग. वहिवाटीने आपला हक्क ठरतो, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. परंतु शेत कसणाऱ्याला दरसाल बांधही घालावा लागतो, हे तोच पोर जाणतो. आपण नेमके ते दुसरे कलम विसरलो आहोत. राजवाड्याचे छप्पर, घाटाची पायरी, देवळाचा खांब, हे आपले बांध आहेत. ते आपण घातले नाहीत, तर गुर्नासारखी पाळी आपल्यावरही येईल, आणि तेव्हा दोष सरकारला देता येणार नाही.